नवा तास न काढता तब्येत रुळावर आणायची आहे. तुमचं काय टिकलं?

गुलबक्षी (सोमवार, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी,

वय ४७. राहायला कासारवडवली, ऑफिस हुतात्मा चौकाजवळ. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. कंबर ८८ सेंटीमीटर. बीपी अजून ठीक आहे. पण आकड्यांपेक्षा मला त्रास होतोय तो वेगळाच. रात्री अडीच-तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी अंग जड. घरात कुणी साधं "आमटीत मीठ कमी आहे" म्हटलं तरी एकतर आवाज चढतो, नाहीतर डोळ्यांत पाणी येतं. आठवडाभर रविवारची वाट बघते आणि रविवारी नुसती पडून राहते.

डॉक्टरांनी गोळी दिली नाही. सहा महिने जीवनशैली बदला, मग बघू म्हणाले. वजन पाच-सहा किलो उतरवा, रोज तासभर चाला, रात्री लवकर जेवा, झोप पुरी करा, ताण घेऊ नका. सगळं पटतं. आता माझा दिवस बघा. पहाटे पाचला उठते. तीन डबे भरायचे, सासूबाईंचं दुपारचं झाकून ठेवायचं. सातला बस, घोडबंदर रोडवरून रखडत ठाणे स्टेशन, तिथून सीएसएमटी. संध्याकाळी सहाला निघाले तर घरी साडेआठ. मग कुकर, भाजी, पोळ्या. पानावर बसेपर्यंत पावणेदहा. ओटा आवरून आडवं व्हायला साडेअकरा.

यातून तास कुठून काढू? म्हणून प्रश्न नेमका विचारते. नवा तास न काढता, आहे त्याच दिवसात तुम्ही काय बदललंत आणि त्यातलं काय टिकलं? शरीराचं सांगा, मनाचंही सांगा. "पहाटे चारला उठा" एवढं मात्र कृपया नको.

तलावपाळी (सोमवार, रात्री ११.२५)

वाचतोय. आमच्याकडे नाव आणि स्टेशन बदला, बाकी सगळं हेच.

हरकाम्या (सोमवार, रात्री ११.५२)

ताई, तुम्हाला दीक्षित पद्धत बरोबर लागू पडेल. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची व्याख्यानं ऐका. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. कडक भूक लागेल त्या दोनच वेळा जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मध्ये काही खायचं नाही. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक. नवा तास तर लागत नाहीच, उलट नाश्त्याचा वेळ वाचतो. माझं पोट गेलं, शर्ट दोन साइझ उतरले. मनाचं म्हणाल तर शरीर हलकं झालं की मन आपोआप हलकं होतं. चालायला लागा, ही उदासी वगैरे पळून जाईल.

चिंचेचा_पार (मंगळवार, सकाळी ९.०५)

हरकाम्या, त्याच पद्धतीत रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणंही आहे. तो पाऊण तास ताईंनी कुठून आणायचा, तेवढं सांगायचं राहिलं.

स्टेथो (मंगळवार, दुपारी २.४०)

मी फिजिशियन आहे. इथे कुणाला तपासत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण लिहितोय.

गुलबक्षीताई, एचबीएवनसी ५.७ च्या खाली म्हणजे सामान्य, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ आणि वर मधुमेह. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात आणि इथून मागे फिरता येतं. पण आधी थकवा आणि चिडचिड यांच्यामागे दुसरं काही नाही ना, ते बघून घ्या. टीएसएच (थायरॉइडसाठी), बी१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन. बी१२ कमी असेल तर थकवा, विसराळूपणा, हातापायांना मुंग्या, मन खट्टू होणं हे सगळं दिसू शकतं, आणि शाकाहारी घरांत ते कमी असणं फार आढळतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडाही फसवा येऊ शकतो. शिवाय तुमचं वय ४७. पाळी पुढेमागे होतेय का? अचानक घाम येतो का? रात्री तीनला जाग येण्यामागे रजोनिवृत्तीच्या आधीचा काळ असू शकतो. हे स्त्रीरोगतज्ज्ञांशी मोकळेपणी बोला. यात बायका वर्षानुवर्षं स्वतःच्या स्वभावाला दोष देत बसतात, याचं मला वाईट वाटतं.

आता जीवनशैलीने खरंच काही होतं का? होतं. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली आले. वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्क्यांनी. पण मला आपल्याकडची चाचणी जास्त जवळची वाटते. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली ती प्रसिद्ध केली. तिथे आहार आणि चालण्याने २८.५ टक्के घट दिसली, आणि गंमत म्हणजे त्या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. म्हणून वजनकाट्यावर रोज उभं राहू नका. काटा हलला नाही तरी आत फरक पडत असतो.

"नवा तास" या मुद्द्याबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात सलग किमान दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली. पाच मिनिटांचं चालणंही हिशेबात धरतात. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं तुकड्यातुकड्यांत जमवा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

हरकाम्यांना एक विनंती. दोन वेळच्या जेवणाने अनेकांचं वजन उतरतं, नाही म्हणत नाही. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असणाऱ्याने हा धागा वाचून जेवण चुकवायला सुरुवात केली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्यांनी डोस ठरवून घेतल्याशिवाय काही करू नये.

हरकाम्या (मंगळवार, दुपारी ३.१५)

डॉक्टर, गोळ्यांचा मुद्दा मान्य. मी माझा अनुभव लिहिला, मला कुठलीही गोळी चालू नव्हती.

चिंचेचा_पार (मंगळवार, रात्री १०.२०)

स्टेथोंचा प्रतिसाद छापून फ्रीजला लावण्यासारखा आहे. पण मला त्या दिनक्रमातल्या डब्यांकडे आणि साडेआठनंतरच्या कुकरकडे बोट दाखवायचंय. ताई, तुमच्या घरात चार माणसं आहेत. साडेआठच्या आधी घरी कोण असतं? मुलगा असेल, सासूबाई असतील. मग कुकर तुमची वाट का बघतो?

मी पाचपाखाडीत राहते. आमच्याकडे नवऱ्याची शुगर निघाली तेव्हा मी दोन स्वयंपाक करायला लागले. त्याची बिनतेलाची भाजी वेगळी, आमची वेगळी. त्याला ज्वारीची भाकरी, मुलांना पोळ्या. त्याचा आकडा उतरला आणि माझं बीपी चढलं. मग मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं की एकाचं पथ्य हे घराचं जेवण असेल, किंवा ज्याचं पथ्य त्याने रांधावं. आता सगळे तेच खातात. तेल महिन्याला मोजून आणते, संपलं की संपलं.

रविवारी संध्याकाळी सगळे मिळून तासभर बसतो. मटकी-मूग मोड आणून डब्यांत, फरसबी आणि गाजर चिरून, कांदा-खोबऱ्याचं वाटण बरणीत, लसूण सोललेली. टीव्ही चालूच असतो, गप्पाही चालतात. रोज जो आधी घरी येईल तो कुकर लावतो. मुलगा दहावीत असताना शिकला. पहिले काही दिवस भाताची खिचडी आणि खिचडीची पेज झाली, आम्ही जेवलो. मी घरी येते तेव्हा डाळ-भात तयार असतो, मी फक्त भाजी परतते. जेवण पावणेदहावरून पावणेनऊवर आलं. माझ्या मते ताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या घड्याळात शोधत बसू नका, घरच्यांच्या हातात आहे ते.

तलावपाळी (मंगळवार, रात्री १०.३१)

आमचे चिरंजीव कुकर लावतात, पण शिट्ट्या मोजायला त्यांना दुसरा माणूस लागतो. :)

सासुरवाशीण_नाही (मंगळवार, रात्री १०.४४)

चिंचेचा_पार, "एकाचं पथ्य हे घराचं जेवण" याला हज्जारदा अनुमोदन.

खारीगावकर (बुधवार, सकाळी ७.५०)

चालण्याबद्दल सगळे बोलतात, चालायचं कुठे ते सांगा. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम, सर्व्हिस रोडवर खणलेलं, फूटपाथवर गाड्या. थंडीत पहाटे हवा इतकी खाली बसलेली असते की त्या धुळीत भरभर चालणं म्हणजे फुप्फुसांना शिक्षा. मला दमा आहे, मी थंडीत पहाटे बाहेर पडणं बंदच केलंय. सकाळी उशिरा किंवा रात्री जेवून सोसायटीच्या पोडियमवर फेऱ्या मारतो. रटाळ आहे, पण गाडी अंगावर येत नाही.

ठाण्यात राहणाऱ्यांसाठी: कचराळी तलावाचा ट्रॅक छोटा पण नीटनेटका. तलावपाळीला संध्याकाळी चालणं कमी आणि भेळ जास्त होते. उपवन छान आहे, रविवारी गर्दी टाळायची तर लवकर जा. येऊरचा चढ गुडघे चांगले असतील तरच. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, चढताना नाही, हे लोक विसरतात.

तलावपाळी (बुधवार, सकाळी ८.०२)

माझ्या नावाच्या ठिकाणाला भेळेवरून बोल लावलेला सहन होणार नाही. :) मसुंद्याला, म्हणजे तलावपाळीच्या तलावाला, एक फेरी मारून मगच भेळ, हा आमच्या आजोबांपासूनचा नियम आहे.

पारसिक_खिंड (बुधवार, सकाळी ११.१८)

नवी मुंबईतून लिहितोय. नेरूळला राहतो आणि या बाबतीत आम्ही नशीबवान आहोत. थंडीत पाणथळीपाशी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात. सकाळी भरती-ओहोटी बघून जातो. मी चालायला लागलो तो व्यायाम म्हणून नाही, पक्षी बघायला म्हणून. दुर्बीण गळ्यात असली की दीड-दोन तास कसे जातात कळत नाही, आणि मोबाइलची आठवण होत नाही. मनासाठी विचारलंत म्हणून सांगतो, माझ्या डोक्यातली कलकल याने जेवढी थांबली तेवढी दुसऱ्या कशाने थांबली नाही.

खारीगावकर (बुधवार, सकाळी ११.४०)

ते आमच्या ठाणे खाडीतलेच पाहुणे. खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव आलं. ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने जाऊन बघता येतात.

पारसिक_खिंड (बुधवार, सकाळी ११.४७)

पाहुणे दोघांचे. पण भरतीला ते आमच्या पाणथळीत येऊन बसतात, त्या पाणथळी बुजवू देऊ नका एवढंच म्हणणं आहे. मला तर वाटतं की शहरातल्या माणसाच्या रक्तदाबाचा आणि पाणथळीचा थेट संबंध आहे. यावर वेगळा धागा काढतो.

निवांत (बुधवार, रात्री ११.३०)

हरकाम्या, तुमच्या पहिल्या प्रतिसादातल्या शेवटच्या ओळीसाठी लिहितेय. राग नाही, पण हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

"चालायला लागा, उदासी पळून जाईल" हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी चाललेही. रोज सकाळी बूट घालून उपवनला जायचे आणि बाकावर बसून रडून परत यायचे. लोकांना वाटायचं मी चालते. मला वाटायचं की चालूनसुद्धा बरं वाटत नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. आंघोळ करायला अंगात बळ नसायचं. आवडीची वांग्याची भाजी समोर आली तरी घास फिरायचा. शेवटी बहीण हाताला धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. ते नैराश्य होतं, आळस नव्हता. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागले. मग समुपदेशन सुरू झालं, आणि त्यानंतर चालणं उपयोगी पडायला लागलं. क्रम महत्त्वाचा आहे. व्यायामाने सौम्य नैराश्यात खूप फरक पडतो हे खरं आहे, पण माणूस खोल गेलेला असेल तर त्याला आधी वर काढावं लागतं.

आणि आपण ठाणेकर तरी याबाबत लाजू नये. मनोरुग्णालय इथे १९०१ पासून आहे, "याला ठाण्याला पाठवा" ही थट्टा अख्ख्या महाराष्ट्राने केली. पण याच ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली आणि साध्या घरांतली माणसं तिथे पायरी चढायला लागली. मदत हाताशी आहे. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ वर फोन लावा, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

गुलबक्षीताई, दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर फेऱ्या आणि भाकरी बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. नुसती दमणूक असेल तर बाकीचे सगळे सल्ले लागू.

हरकाम्या (गुरुवार, सकाळी ७.१५)

निवांत, मनापासून वाचलं. माझ्या मेव्हण्याला हेच वाक्य मी परवा फोनवर ऐकवलंय. आज संध्याकाळी त्याच्याकडे जातो. तो क्रमांक लिहून घेतला.

गुलबक्षी (गुरुवार, दुपारी १.३५)

सगळ्यांचे आभार. निवांत, तुमचा प्रतिसाद ट्रेनमध्ये वाचला, मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत तोच पुन्हा पुन्हा. माझं तेवढं खोल गेलेलं नाही असं वाटतं, गाणं लावलं की अजून बरं वाटतं. पण तुम्ही सांगितलेल्या खुणा लक्षात ठेवते.

स्टेथो, पाळीचं तुम्ही बरोबर ओळखलंत. तपासण्या शनिवारी करून घेते.

चिंचेचा_पार, तुमचा प्रश्न घरी मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "मला कुणी कधी सांगितलंच नाही, डाळ-तांदूळ मी धुवून ठेवीन." त्यांना उभं राहवत नाही, पण बसून निवडणं-चिरणं जमतं. मुलगा गप्प आहे, म्हणजे अर्धा तयार आहे.

आता एक नवा प्रश्न. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, संध्याकाळचाही डबा आण, साडेसहाला ऑफिसातच जेव आणि मग निघ. घरी फक्त ताक. साखरेच्या दृष्टीने उत्तम. कुणी केलंय का?

दुसरा_डबा (गुरुवार, दुपारी २.१०)

नावातच उत्तर आहे. मी बरीच वर्षं करतो. भाकरी, उसळ, काकडी-गाजर. आधी कच्चं आणि उसळ, शेवटी भाकरी, या क्रमाने खाल्लं तर साखर हळू चढते. गाडीत भूक नाही, म्हणून स्टेशनवरचा वडापावही सुटला. रात्री पोट हलकं, झोप छान.

सासुरवाशीण_नाही (गुरुवार, दुपारी २.५५)

मला हे पटत नाही. दिवसभर पांगलेली माणसं एकत्र बसतात ती एकच वेळ. तीही मोडली तर घरात उरतं काय? मुलगा शाळेतलं जे काही सांगतो ते जेवतानाच सांगतो. मनाचं आरोग्य म्हणता ना, ते त्या पानावरच असतं. रक्तातली साखर थोडी कमी चढावी म्हणून मी तो अर्धा तास सोडणार नाही.

दुसरा_डबा (गुरुवार, दुपारी ३.२०)

मी पानावर बसतोच की. हातात ताकाचा पेला असतो.

सासुरवाशीण_नाही (गुरुवार, दुपारी ३.२८)

बसणं आणि जेवणं यात फरक आहे. माझे सासरे असेच बसायचे, आणि आम्हाला सगळ्यांना घास मोजल्यासारखा वाटायचा.

स्टेथो (गुरुवार, रात्री ९.५०)

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मध्यम वाट म्हणून काही पेशंटना हे सांगतो: संध्याकाळी साडेसहाला पोटभरीचं खा, मूठभर चणे-दाणे, उकडलेलं अंडं किंवा उसळ. म्हणजे घरी आल्यावर भुकेने तुटून पडणार नाही. मग सगळ्यांबरोबर भाजी, वरण, अर्धी भाकरी. जेवण आणि झोप यांत दोन तास मिळाले तरी खूप.

वडाची_साल (शुक्रवार, सकाळी १०.३०)

मी नौपाड्यातली, वय ६१. सगळे चालण्यावर अडकलात, ताकदीचं कुणी बोललं नाही. चाळिशीनंतर स्नायू झिजत जातात आणि पाळी गेल्यावर बायकांची हाडंही. आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना जोर लावणारा व्यायाम हवा, हे त्याच जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आहे. जेवणानंतर रक्तातली साखर सगळ्यात जास्त शोषून घेतात ते हेच स्नायू.

मला जिमची लाज वाटायची. फिजिओथेरपिस्टने स्वयंपाकघरातलाच व्यायाम बसवून दिला. डाळीचा कुकर चढवला की स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, पहिली शिट्टी होईपर्यंत. दुसरीपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या. तिसरीपर्यंत ओट्यावर हात टेकून तिरकं उभं राहून दंड. बस्स. सुरुवातीला खुर्चीवरून उठताना मांड्या थरथरायच्या आणि मी "अगं आई गं" म्हणायचे, तर नातू हसायचा. आता पिशव्या घेऊन जांभळी नाक्यावरून चालत येते आणि लिफ्ट बंद असली तरी चौथा मजला चढते. वजन तेवढंच आहे. गुडघा दुखत असेल त्यांनी मात्र विचारून करा.

तलावपाळी (शुक्रवार, सकाळी १०.४१)

काकू, शिट्ट्या मोजायला माणूस मिळाला! आता आमचे चिरंजीव उठाबशा काढत मोजतील.

खारीगावकर (शुक्रवार, दुपारी १२.१५)

चहाचा हिशेब कुणी मांडला नाही. दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा धरा. चाळीस ग्रॅम साखर नुसत्या चहातून. वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत, शक्यतो पंचवीसच्या आत असावी असं सांगतात. मी दर पंधरवड्याला अर्धा चमचा उतरवत गेलो. आता गोड चहा घशाखाली उतरत नाही. चारनंतरचा चहाही सोडा, त्यातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात. रात्री तीनच्या जागेचं एक कारण तेही असेल.

निवांत (शुक्रवार, दुपारी १२.४०)

तीनला जाग आली तर घड्याळ बघायचं नाही आणि मोबाइल हातात घ्यायचा नाही. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून मंद दिव्यात बसायचं, डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. अंथरुणात तळमळत पडून राहिलं की अंथरुणाचीच धास्ती बसते. हे मला समुपदेशकांनी शिकवलं. उठायची वेळ रविवारीही तीच ठेवायची, हे सगळ्यात कठीण आणि सगळ्यात गुणकारी.

मनोहारी_वात (शुक्रवार, रात्री १०.०५)

आणि हास्यक्लब? डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली मुंबईत सुरू केला, आज जगभर आहे. आमच्या बागेतल्या मंडळींमुळे पेन्शनीतला एकटेपणा गेला. हसणं खोटं असतं, पण त्यानंतरचा चहा आणि चौकशी खरी असते. एखादा दिवस गेलो नाही की तीन फोन येतात.

वडाची_साल (शुक्रवार, रात्री १०.२०)

ते तीन फोन म्हणजेच औषध.

गुलबक्षी (साडेचार महिन्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.२५)

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून इथेच लिहिते.

बी१२ बरंच कमी निघालं, ड जीवनसत्त्वही. दोन्हींवर औषध चालू झालं आणि पहिल्या दीड-दोन महिन्यांतच अंगातला जडपणा ओसरला. त्यामुळे स्टेथोंचा सल्ला सगळ्यात आधी ऐका. स्त्रीरोगतज्ज्ञांशीही बोलले. चिडचिडीला नाव मिळालं, आणि नवऱ्याला सोबत नेलं होतं म्हणून त्यालाही ते कळलं. हे फार कामाचं ठरलं.

चालणं: सीएसएमटीहून शेअर टॅक्सी सोडली. दादाभाई नौरोजी रोडच्या जुन्या इमारतींच्या कमानींखालून फूटपाथ जातो, तिथे उन्हात सावली आणि पावसात आडोसा. ऑफिसपर्यंत पंधराएक मिनिटं, परतताना तेवढीच. टॅक्सीच्या रांगेत तेवढा वेळ जातच होता, म्हणजे नवा वेळ शून्य, आठवड्याला दीडशे मिनिटं आपसूक. दुपारी जेवून ऑफिसच्या जिन्यात दोन मजले चढ-उतार. शिट्ट्यांचा व्यायाम सासूबाईंनीही धरलाय, त्या खुर्ची धरून टाचा उचलतात.

कुकर मुलगा लावतो. मी घरात पाऊल टाकते तेव्हा वाफ गेलेली असते. सासूबाई भाजी चिरून ठेवतात. नवऱ्याने सकाळच्या डब्यांपैकी पोळ्या अंगावर घेतल्या. त्याला जमेनात, म्हणून आम्ही पोळ्या बाहेरून लावल्या, आणि मी त्याला हरकत घेतली नाही. मी साडेपाचला उठते. तो अर्धा तास मला कुठल्याही व्यायामापेक्षा जास्त लागू पडला. रात्रीचं जेवण नऊला, सगळ्यांबरोबर, आणि साडेसहाला ऑफिसात चणे-दाणे. दुसरा डबा चार दिवस नेला. मुलगा म्हणाला, "तू नुसती बघत बसतेस ते नको." सासुरवाशीण_नाही, तुम्ही म्हणाला होतात तेच.

काय जमलं नाही तेही लिहिते. झोप अजून मोडते, आठवड्यातून दोन-तीनदा. लोणचं-पापड सुटलेलं नाही. ऑडिटच्या दिवसांत सगळं कोलमडलं होतं, पण चालणं मोडलं नाही, कारण स्टेशनवरून ऑफिसला जायचंच असतं. एचबीएवनसी आता ५.८ आहे. वजन फक्त दोन किलो उतरलं, कंबर ८४.

स्टेथो (रविवार, रात्री ९.१५)

अभिनंदन. ५.८ म्हणजे अजून पट्ट्यातच आहात, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. आता हिमोग्लोबिनही बघून घ्या. कंबर ८० च्या आत आणायची, ते होईल.

हरकाम्या (रविवार, रात्री ९.४०)

फार बरं वाटलं वाचून. माझा मेव्हणा उपचार घेतोय. आता संध्याकाळी आम्ही दोघं कचराळीला फेऱ्या मारतो, तो कमी बोलतो, मी त्याहून कमी बोलायला शिकतोय.

निवांत (रविवार, रात्री ९.५२)

हरकाम्या, त्याला माझा नमस्कार सांगा.

कोवळं_ऊन (रविवार, रात्री ११.०५)

पहिल्यांदाच लिहितेय. आईचा एचबीएवनसी ६.३ आलाय आणि ती डोंबिवलीत एकटी राहते. एकट्या माणसाने घरच्यांच्या हातावर कसं विसंबायचं? चिंचेचा_पार, तुमची रविवारची तयारी एका माणसासाठी कशी करता येईल? आणि थंडीत मटकीला मोडच येत नाहीत, तिचं काय?

चिंचेचा_पार (सोमवार, सकाळी ८.२०)

मटकी कोमट पाण्यात भिजवा, निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधा आणि झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या मागच्या बाजूला, जिथे गरम लागतं तिथे ठेवा. दीड दिवसात येतात. एका माणसासाठी वाटीभर भिजवली तरी तीन दिवस पुरते. आईंच्या इमारतीत अजून कुणी एकटं राहतं का ते बघा. आमच्या मावशीने शेजारणीबरोबर वाटून घेतलंय, एक दिवस हिने भाजी करायची, एक दिवस तिने, आणि जेवून दोघी गच्चीत फेऱ्या मारतात. आईंना इथे सभासद करून घ्या, त्यांच्याशीच बोलते.